न पाहिलेला चावा

‘कोळी चावला’ हे वाक्य पावसाळ्यात तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात वारंवार ऐकू येतं. कुणाच्या पोटरीवर लाल गाठ असते, कुणाच्या मानेवर पाण्याने भरलेले फोड, कुणाच्या जांघेत काळी खपली. निदान घरूनच ठरवून आणलेलं असतं. डॉक्टरांनी त्या निदानाचं काय करायचं, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही डॉक्टरांचीच आहेत. माझा भाऊ रायगड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, तीसेक वर्षं दवाखाना चालवतो. माझी मुलगी सायली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या एका रुग्णालयात इमर्जन्सी विभागात काम करते. त्या भागातल्या कोळ्यांची भीती जगभर आहे. ती सुट्टीवर आली तेव्हा मामा-भाचीत या विषयावर दोन दिवस वाद चालला. मी डॉक्टर नाही. मी ऐकत होते, अडेल तिथे विचारत होते. इथे त्यातला महत्त्वाचा भाग दिला आहे, आणि जिथे मला एकाचं पटलं तिथे तसं सांगितलं आहे.

सायली : माझ्या हाताखालच्या डॉक्टरांना मी एक गोष्ट आधी सांगते. पेशंट म्हणाला म्हणून केसपेपरवर ‘कोळ्याचा चावा’ लिहायचं नाही. कोळी चावताना दिसला पाहिजे, तो पकडलेला पाहिजे आणि जाणकाराने ओळखलेला पाहिजे. यातलं काही नसेल तर ‘जखम, कारण अज्ञात’ असं लिहा.

मामा : तसं केलं तर माझ्या दवाखान्यात आजवर एकालाही कोळी चावलेला नाही, असं रेकॉर्ड निघेल. इकडे कोळी दिसला की पहिल्यांदा त्याच्यावर चप्पल बसते. उरलेला चेंदा ओळखायला कुणाकडे पाठवू?

सायली : म्हणूनच लिहू नकोस ना. इस्बिस्टर आणि ग्रे यांनी ऑस्ट्रेलियात पक्क्या चाव्यांचा अभ्यास केला. पक्क्या म्हणजे कोळी हातात असलेल्या. असे ७५० चावे त्यांनी जमवले आणि २००२ साली निष्कर्ष छापले. त्यातल्या फक्त ४४ जणांना सांगण्यासारखा त्रास झाला होता, आणि त्या ४४ पैकी ३७ जणांना रेडबॅक हा विषारी कोळी चावला होता. मांस कुजून खड्डा पडला, असा एकही पेशंट नव्हता. आमच्याकडे व्हाइट-टेल नावाचा कोळी ‘मांस सडवतो’ म्हणून बदनाम होता. त्याचे १३० पक्के चावे तपासले, एकाचाही व्रण झाला नाही.

मामा : आकडे खरे असतील, पण ते तुमच्या कोळ्यांचे आहेत. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांवर जाती नोंदल्या गेल्या आहेत. माझ्या तालुक्यातल्या गोठ्यात, लाकडांच्या ढिगात, आंब्याच्या ढोलीत कोण राहतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. ब्राउन विडो हा विषारी कोळी भारतात आहे, हे २००७ साली पहिल्यांदा नोंदलं गेलं. सह्याद्रीत झाडावर राहणारा टॅरंटुला आहे, पोएसिलोथेरिया. त्याच्या चाव्यानंतर काही तासांनी सगळ्या अंगात पेटके येतात आणि पुढे कित्येक दिवस ते मधूनमधून येत राहतात. असा पेशंट माझ्याकडे सकाळी आला आणि रात्री कोळी चावल्याचं मला सांगितलं, तर मी ‘कारण अज्ञात’ लिहून त्याला कॅल्शियमच्या गोळ्या देऊ का?

सायली : पेटक्यांचा पेशंट वेगळा. मी जखमेबद्दल बोलतेय. जखम बघून ‘कोळी’ म्हणणं हे नव्याण्णव वेळा चूक असतं.

मामा : नव्याण्णव हा आकडा कुठून आणलास?

सायली : बरं, आकडा सोडते. मोजलेली गोष्ट सांगते. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लेनेक्सा इथे एका जुन्या घरात चार माणसांचं कुटुंब राहत होतं. त्या घरात सहा महिन्यांत २०५५ ब्राउन रिक्लूज सापडले. ज्याच्या विषाने खरोखर मांस मरतं, तोच हा कोळी. घरातल्या एकालाही तो चावल्याचं दिसलं नाही. ही नोंद करणाऱ्या रिचर्ड व्हेटर यांनी पुढे वर्षानुवर्षं दाखवून दिलं, की ज्या राज्यांत हा कोळी राहतच नाही तिथलेही डॉक्टर त्याच्या चाव्याचं निदान बिनधास्त करत होते.

या २०५५ आकड्यापाशी मी थांबले. रोज अंथरूण झटकणारी, कपाटातले कपडे काढणारी ती माणसं आणि त्यांच्या भोवती भिंतींच्या फटींत दोन हजार विषारी कोळी. कोळी माणसाच्या अंगावर धावून येत नाही. कपड्यात, बुटात, पांघरुणात चिरडला जाऊ लागला तरच तो सहसा चावतो. एवढं कळलं तरी घरातली अर्धी भीती जावी.

मामा : हे मला मान्य आहे. कोळी सहसा चावत नाही, आणि चावला तरी बहुतेकदा काही होत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तू पेशंटचं म्हणणं पहिल्याच मिनिटाला बाजूला ठेवतेस. ‘कोळी’ हा त्याने काढलेला निष्कर्ष असतो, तो चुकू दे. पण त्या निष्कर्षाच्या मागे त्याने पाहिलेलं, सोसलेलं काहीतरी असतं. मी त्याला विचारतो : कुठे झोपला होतास? जमिनीवर की खाटेवर? किती वाजता टोचलं? उठून दिवा लावलास का? नंतर पोटात दुखलं का, उलटी झाली का? ही उत्तरं मिळाली की कोळी राहतो बाजूला आणि दुसरंच जनावर समोर येतं.

सायली : मण्यार.

मामा : मण्यार. तुला ती लहानपणी दाखवली होती. काळी, अंगावर पांढरे आडवे पट्टे. ही रात्रीची फिरते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत येते. तिचे दात इतके बारीक, की चाव्याची खूण कित्येकदा सापडतच नाही. सूज नाही, रक्त नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं आणि माणूस कूस बदलून झोपतो. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. घरचे म्हणतात, काल रात्री काहीतरी टोचलं म्हणत होता, कोळी-बिळी असेल, आणि पोटदुखीचं म्हणाल तर जेवण बाधलं असेल. सकाळपर्यंत पापण्या खाली येतात, जीभ जड होते, आणि मग श्वासाचे स्नायू थांबतात.

सायली : म्हणजे ‘कोळी’ या शब्दाने इथे जीव जाऊ शकतो. मी तेच म्हणतेय.

मामा : नाही, तू उलटं म्हणतेस. तुझ्या नियमाने वागणारा डॉक्टर म्हणेल, ‘कोळी पाहिलास का? नाही? जखम तरी दिसते का? नाही? मग जा घरी.’ पुराव्याशिवाय चावा मानायचा नाही, हा तुझा नियम मण्यारीसमोर उघडा पडतो. तिच्या चाव्याचा पुरावा कातडीवर नसतोच. तो पापणीवर असतो, आणि उशिरा दिसतो.

सायली थोडा वेळ काही बोलली नाही. इथे मला भावाचं पटलं, आणि मला वाटतं तिलाही पटलं. पुढचं तिने वादासाठी नाही, जाणून घ्यायला विचारलं.

सायली : मग रात्रीचा न पाहिलेला चावा आला, की तू नक्की काय करतोस?

मामा : जमिनीवर झोपलेला, अंधारात टोचलेला, काय चावलं ते न पाहिलेला माणूस घरी सोडत नाही. चोवीस तास ठेवतो. त्याला छताकडे एकटक बघायला लावतो, पापण्या उघड्या राहतात का ते बघायला. एका श्वासात किती आकडे म्हणतो ते मोजतो आणि लिहून ठेवतो. उशीवरून मान उचलायला सांगतो. दोन तासांनी परत तेच. मघाशी तीसपर्यंत मोजणारा माणूस आता पंधरावर थांबला, तर त्याच्या तोंडून तक्रार येण्याआधीच मला कळतं. शिवाय कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत त्याचं दोन मिली रक्त वीस मिनिटं हलवल्याशिवाय ठेवतो. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं.

सायली : नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकची असेल तर निकाल चुकतो.

मामा : आणि ती डिटर्जंटने धुतलेली नको. हे मी प्रत्येक नव्या नर्सला सांगतो.

सायली : पण मामा, ‘चोवीस तास ठेवलं’ म्हणजे काय, ते महत्त्वाचं आहे. खाटेवर झोपवलं, सलाईन लावलं आणि सकाळी बघितलं, याला मी निरीक्षण म्हणत नाही. तू दर दोन तासांनी मोजतोस म्हणून तुझं ठेवणं उपयोगी आहे. जिथे रात्री मोजायला कुणी जागं नसतं, तिथे पेशंट ठेवून घेण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयात पाठवलेला बरा.

मामा : मान्य. आणि पाठवताना १०८ च्या रुग्णवाहिकेत हाताने श्वास देणारी अंबू बॅग हाताळणारं माणूस हवं. मण्यारीच्या पेशंटचा श्वास वाटेतच थांबतो.

सर्पदंशाच्या प्रतिविषावर दोघांचं लगेच एकमत झालं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवरचं आहे. कोळ्याच्या विषावर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि घोड्याच्या रक्तातून बनत असल्यामुळे त्याची स्वतःची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. ‘काय चावलं माहीत नाही, म्हणून सुरक्षिततेसाठी देऊन टाका’ हा नातेवाइकांचा आग्रह दोघांनाही नामंजूर. विषाची लक्षणं दिसली की द्यायचं, आणि मग हात आखडायचा नाही.

मी सायलीला विचारलं, तुमच्याकडे तर खास कोळ्याचं प्रतिविष असतं ना?

सायली : दोन आहेत. सिडनीच्या परिसरातला फनेल-वेब कोळी खरोखर मारतो. १९२७ ते १९८० मध्ये १३ मृत्यू नोंदले गेले. स्ट्रुअन सदरलँड यांनी सशांच्या रक्तातून प्रतिविष तयार केलं, ते १९८१ साली वापरात आलं, आणि तेव्हापासून या कोळ्याने मेलेला माणूस नोंदला गेलेला नाही. आमच्याकडे लोक हा कोळी बरणीत पकडून आणून देतात. ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये त्याचं विष काढतात आणि त्या विषापासून प्रतिविष बनतं.

मामा : लक्षणं काय दिसतात?

सायली : बहुतेकदा अर्ध्या-एक तासात सुरू होतात. ओठांभोवती मुंग्या, जिभेचे स्नायू थरथरतात, लाळ गळते, घामाने माणूस भिजतो, अंगावर काटा येतो, रक्तदाब आभाळाला जातो आणि मग फुप्फुसात पाणी.

मामा : ही तर माझ्या लाल विंचवाची गोष्ट झाली! लाळ, घाम, थंड पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, मग फेस.

हा भाग मला दोन दिवसांतला सगळ्यांत मोलाचा वाटला, म्हणून तो थोडा विस्ताराने देते. दोन खंडांतले दोन वेगळे जीव, पण विषाची चाल जवळपास सारखी. शरीरातल्या मज्जातंतूंचे संदेश एकदम मोकाट सुटतात आणि हृदयावर ताण येतो. ऑस्ट्रेलियाने उत्तर प्रतिविषात शोधलं. महाडमध्ये डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या हातात तेव्हा विंचवाचं प्रतिविष नव्हतं. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून विषाची चाल टिपली आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून ती मोडली. लाल विंचू चावलेल्या गंभीर रुग्णांत तीसच्या आसपास टक्के असलेले मृत्यू एक टक्क्यावर आले. पुढे प्रतिविष मिळू लागल्यावर त्यांनी ते डोळे झाकून स्वीकारलं नाही. डॉ. प्रमोदिनी बावस्करांबरोबर त्यांनी ७० रुग्णांवर तुलना केली, काहींना फक्त प्राझोसिन आणि काहींना प्राझोसिनबरोबर प्रतिविष. दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर सावरले. हा अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, पण महाडमधलं ते संशोधन महाराष्ट्रात शाळेत शिकवलं जायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

मामा : आणि तुमच्या दुसऱ्या प्रतिविषाचं काय? रेडबॅकचं?

सायली : ते १९५६ पासून आहे, आणि त्याच्याबद्दल मला तुझ्यासमोर सरळ सांगावं लागेल. पन्नासहून अधिक वर्षं आम्ही ते विश्वासाने दिलं. मग २२४ रुग्णांवर नीट चाचणी झाली. सगळ्यांना वेदनाशामकं दिली आणि वरून निम्म्यांना प्रतिविष, निम्म्यांना नुसतं सलाईन, कुणाला काय ते डॉक्टरांनाही माहीत नाही. दोन तासांनी सलाईनवाल्यांपैकी २३ टक्क्यांना आराम, प्रतिविषवाल्यांपैकी ३४ टक्क्यांना. हा फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. २०१४ साली हे छापून आलं. आता आमच्याकडे रेडबॅकचा पेशंट आला की मुख्य उपचार वेदनेवर. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, लागलं तर मॉर्फिनच्या जातीचं औषध.

मामा : म्हणजे रेडबॅकसारखा विडोच्या जातीचा कोळी इथे चावला आणि प्रतिविष नाही म्हणून मी हताश व्हायचं कारण नाही.

सायली : अजिबात नाही. ओळखता मात्र यायला हवं. चावा लहानसा असतो, दुखणं तासाभरात वाढत जातं आणि हातापायातून वर चढतं. चावलेल्या जागेभोवती तेवढाच घाम येतो, तेवढ्याच भागावर काटा. कधी पोट लाकडासारखं कडक होतं. मग सर्जन अपेंडिक्स म्हणून पोट उघडायला निघतात. अशा वेळी ‘सकाळी सरपण काढताना हाताला टोचलं होतं’ हे पेशंटचं वाक्य ऑपरेशन टाळू शकतं.

मामा : बघ, पेशंटचं वाक्य.

सायली : हो, पेशंटचं वाक्य. पण आता माझी बाजू ऐक. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सात महिन्यांच्या बाळाच्या दंडावर फोड आला, सुजला, काळा पडला. डॉक्टरांनी ब्राउन रिक्लूज चावला म्हणून उपचार चालू केले. बाळाच्या रक्तपेशी फुटायला लागल्या, किडनीवर ताण आला. तो अँथ्रॅक्स होता. टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली ते दिवस होते, आणि बाळ आईबरोबर एका टीव्ही कंपनीच्या कार्यालयात जाऊन आलं होतं. ‘कोळी’ लिहिलं की डॉक्टरचं डोकं पुढे शोध घ्यायचं थांबतं. ही भीती मला जास्त आहे.

मामा : अँथ्रॅक्स माझ्याकडे येणार नाही.

सायली : स्क्रब टायफस येईल. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. गवतातल्या माइट नावाच्या बारीक जिवाच्या अगदी छोट्या पिल्लाच्या चाव्यातून तो होतो. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरपट्ट्याच्या रेषेवर काळी खपली, सिगारेटचा चटका दिल्यासारखी. दुखत नाही, म्हणून पेशंट स्वतःहून दाखवत नाही, आणि दाखवली तर म्हणतो कोळी चावला होता. ताप आठवडाभर. तू त्याला मलम दिलंस तर तो पुढच्या आठवड्यात व्हेंटिलेटरवर. डॉक्सिसायक्लिन वेळेवर दिलं तर बहुतेकदा एक-दोन दिवसांत ताप उतरतो.

मामा : तापाचा पेशंट कपडे काढून तपासायचा, हे आम्हाला आमच्या सरांनी शिकवलं. आता गर्दीत ते होत नाही, हे मात्र खरं.

सायली : आणि मधुमेही. पायावर लाल चट्टा, दिसायला थोडासा, पण माणूस दुखण्याने तळमळतोय. दिसण्यापेक्षा दुखणं फार जास्त असेल, लाली तासातासाला पसरत असेल, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर जाणवत असेल, तर ते मांस सडवणारं इन्फेक्शन आहे आणि त्याला तासांच्या हिशोबात सर्जन हवा. तिथे ‘कोळी चावलाय, दोन दिवस बघू’ म्हटलं, की पाय जातो, कधी माणूसही. मी पेनाने लालीच्या कडेवर रेघ मारते आणि वेळ लिहिते. तासाभरात रेघ ओलांडली, तर प्रश्नच नाही.

पेनाची ती रेघ भावाला आवडली. तो म्हणाला, उद्यापासून आमच्याकडेही मारू.

यानंतर वाद सगळ्यांत तापला तो साध्या पेशंटवर. हाताला लाल गांध, खाज, थोडी सूज, बाकी माणूस ठणठणीत. असे पेशंटच सर्वांत जास्त असतात. यातले काही कोळ्याचे असतील, काही मुंगीचे, काही गांधीलमाशीचे. दिव्याखाली येणारा तो छोटा, काळ्या-केशरी पट्ट्यांचा किडा तर चावतही नाही. अंगावर चिरडला की त्याच्या रसाने रेघेसारखे फोड उठतात, आणि लोक म्हणतात अंगावरून कोळी फिरला. कधी तो नागीण हा त्वचेचा आजारही असतो. भाऊ या सगळ्यांना काय देतो, हे सायलीने विचारलं आणि त्याने लपवलं नाही : टिटॅनसचं इंजेक्शन, एव्हिल हे अँटिहिस्टामिन, डेक्सा हे स्टिरॉइड, कधी पाच दिवसांचं अँटिबायोटिक.

सायली : टिटॅनस ठीक आहे, शेवटचा डोस कधी झाला ते विचारून. एव्हिलने खाज कमी होईल, पण ते गोळीनेही होतं. डेक्सा कशासाठी?

मामा : सूज लवकर उतरते. पेशंटला बरं वाटतं. आणि खरं सांगू, तो चाळीस रुपये भाडं घालून, मजुरी बुडवून आलाय. मी त्याला ‘साबणाने धू, बर्फ लाव’ एवढंच सांगितलं, तर तो बाहेर पडून समोरच्या दवाखान्यात जातो. तिथे त्याला सलाईन, दोन इंजेक्शनं आणि दोन प्रकारची अँटिबायोटिकं मिळतात. माझं एक डेक्सा त्याला त्यातून वाचवतं.

सायली : त्या पेशंटला मधुमेह असला तर तेच डेक्सा साखर वाढवतं. ती लाली जंतूंची असली तर तेच तिला झाकतं आणि आपले दोन दिवस जातात. विंचवाला स्टिरॉइड आणि अँटिहिस्टामिनचा उपयोग नाही, नुकसानच जास्त, हे तुमच्या महाडनेच जगाला सांगितलं. विंचवाला तू ते बंद केलंस. मग लाल गांधेला का चालू?

मामा : विंचवाचा पेशंट मरतो, म्हणून लोक ऐकतात. लाल गांधेचा मरत नाही, म्हणून ऐकत नाहीत.

सायली : अँटिबायोटिकचं तसंच आहे. पहिल्या दिवशीची सूज विषाची किंवा ॲलर्जीची असते, जंतूंची नव्हे. पू दिसला, ताप आला, लाली पसरली तर द्यावं. गळू झालं असेल तर आधी चिरून पू काढावा, ते औषधाहून मोठं औषध. उगाच दिलेल्या अँटिबायोटिकने जंतू शिरजोर होतात, आणि अमेरिकेत ‘कोळी चावला’ म्हणून येणाऱ्या पुष्कळ गळवांत नेमके असेच शिरजोर जंतू सापडले.

मी दोघांच्या मध्ये बोलले. पेशंटची गरज इंजेक्शनची आहे, की डॉक्टरने आपल्याला गंभीरपणे घेतलं याची? भाऊ म्हणाला, दुसरीच, पण ती भागवायला वेळ लागतो आणि बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. हे उत्तर मला टाळाटाळीचं वाटलं नाही. एका डॉक्टरवर चाळीस माणसं सोडणाऱ्या व्यवस्थेला एकट्या डेक्साबद्दल जाब विचारून भागणार नाही. तरीही औषधाच्या बाबतीत मला मुलीचं पटतं. पाच मिनिटं बोलायला मिळत नाहीत, म्हणून नको ते औषध शरीरात जावं, हे योग्य नाही.

घरी काय करावं यावर मात्र मतभेद नव्हता. जागा साबणाने धुवायची. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढायच्या. कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावायचा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही, तंबाखू-चुना भरायचा नाही. २०१२ साली आसाममध्ये सदिया भागात मोठ्या कोळ्यांच्या चाव्याने दोन मृत्यू झाल्याच्या बातम्या देशभर आल्या आणि घबराट पसरली. त्या माणसांना आधी वैदूंकडे नेऊन ब्लेडने चिरलं होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. शवविच्छेदन झालेलं नव्हतं. कोळ्याने मारलं की ब्लेडने, हे ठरवायचा मार्गच उरला नाही. लोकांच्या लक्षात मात्र कोळीच राहिला.

मामा : कोळी दिसला तर पकडायचा का? मी नको म्हणतो. पकडायला जाऊन दुसरा चावा घेतील.

सायली : फोटो काढा. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. वरून एक, जमलं तर पोटाकडून एक, शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवून. मेला असेल तर फेकू नका, डबीत घाला. दूरवरचा जाणकारही त्यावरून बरंच सांगू शकतो.

मामा : आणि मग मी तो फोटो कुठे नोंदवू? सर्पदंशाची प्रत्येक केस कळवणं सक्तीचं करा, असं केंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यांना लिहिलं. चांगलं केलं. पण न पाहिलेल्या चाव्याला रकाना कुठे आहे? मण्यारीचे कित्येक चावे त्यातच लपलेले असतात. मी माझ्यापुरतं रजिस्टर करायचं ठरवलंय. वेळ, जागा, जमिनीवर की खाटेवर, पेशंट काय म्हणतो, फोटो.

सायली : ‘पेशंट काय म्हणतो’ आणि ‘डॉक्टरला काय दिसलं’ हे रकाने वेगळे ठेव. एकातलं दुसऱ्यात उतरायला नको. आणि तिसऱ्या दिवशी फोन करायचा : ताप आला का, काळं पडलं का, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात का, त्यांनी काय निदान केलं? हा फोन नसेल, तर तुझ्या रजिस्टरला मी अभ्यास म्हणणार नाही.

मामा : फोन नर्स करेल. आणि दिलेल्या औषधांचाही रकाना ठेवतो. ज्यांना डेक्सा दिलं आणि ज्यांना नाही, त्यांची तिसऱ्या दिवशीची हकिगत तूच ताडून बघ.

सायली : तशी तुलना न्याय्य होणार नाही. जास्त सुजलेल्यालाच तू डेक्सा देणार. त्यापेक्षा ते पावसाळ्यापुरतं बंद कर.

मामा : सगळ्यांचं बंद करणार नाही. मधुमेह असलेल्यांचं आजपासून करतो. बाकीच्यांचं रजिस्टर भरल्यावर बोलू.